आगाऊ

मधुकररावांचा पंचाहत्तरावा वाढदिवस उद्या होता, आणि बायपासही उद्याच सकाळी. म्हणून कोलकात्यातल्या बेहालाच्या हॉस्पिटलात शेजारीपाजारी आजच संदेश मिठाईची खोकी घेऊन हजर झाले. "हॅपी बर्थडे, काका! उद्या गडबडीत राहून जाईल, म्हणून आजच." मधुकरराव प्रत्येकाला हसून थँक्यू म्हणत होते, पण त्यांची बोटं चादरीची कड चुरगाळत होती.

जर्मन सून योहाना तेवढी भिंतीला टेकून गप्प उभी. ऑपरेशनसाठी मुद्दाम जर्मनीहून आली, आणि तोंडातून एक शब्द नाही! सासूबाई सुलभाताईंचा पारा चढला.

"अगं, सासऱ्यांना शुभेच्छा द्यायला तुझं काय जातं?"

"नाही आई. आज नाही देणार."

चार माणसांत हे असं तोंडावर! आगाऊ कुठली, सुलभाताईंच्या अगदी ओठांवर आलं.

"आमच्या जर्मनीत वाढदिवसाच्या आधी कधीच देत नाहीत," योहाना एकेक मराठी शब्द जुळवत म्हणाली. "आधी दिल्या, तर... माणूस उद्या नसेल, असं होतं. बाबा उद्या आहेत. मी उद्या देणार."

मधुकररावांची बोटं थांबली.

तेवढ्यात मोबाईल वाजला. पुण्याची नणंद. मधुकररावांनी हात पुढे केला, पण सुलभाताईंनी फोन स्वतःच्याच कानाला लावला.

"आगाऊ शुभेच्छा नकोत, वन्सं. उद्या करा फोन. उद्या आहेत हे."