आप्पांच्या पेशी

"माझ्या पेशींना दिसायला लागलं का गं?" काचबिंदूने दृष्टी गेलेले आप्पा रोज विचारायचे. त्यांच्या रक्तातून ऋजुताने मूळपेशी बनवल्या होत्या आणि त्यांपासून ती डोळ्यातल्या चेतापेशी वाढवत होती.

"अजून कोवळ्या आहेत, आप्पा."

आप्पांचं दिवसकार्य उरकून ती प्रयोगशाळेत परतली, तेव्हा पेशी पक्व झाल्या होत्या. काचेच्या बशीवर प्रकाश टाकताच संगणकावर लाटा उमटल्या. तिला रडू आलं.

तिने दिवा बंद केला, तरी लाटा थांबेनात. ती दाराकडे सरकली, तशा त्या आणखी उंचावल्या.

"त्या तुला शोधताहेत," सहकारी नसीम कुजबुजली.

ऋजुता बशीवर वाकली. "मी इथंच आहे, आप्पा."

लाटा शांत झाल्या. मग मात्र खोलीबाहेर पाऊल टाकायचा तिला धीर होईना.