चौथा बोल्ट

"वळणावर तुझी गाडी झोकांड्या खाते, मी पुन्हा बसायची नाही," असं सासूबाईंनी बजावलं होतं. म्हणून सुनेनं गाडीचा सांगाडा घट्ट धरणारी लोखंडी पट्टी मागवली आणि अंगणातच डिकीत बसवायला घेतली. तीन बोल्ट बसले, चौथ्याचं भोक केसभर बाजूला. ढकललं, ठोकलं, विनवलं, पठ्ठ्या हलेना.

"आई, मागच्या सीटवर बसता का जरा? वजन हवंय."

"वजनापुरतीच बसेन हं."

गाडी दबली, भोक जुळलं, पाना फिरला. डिकीतून सून आणि सीटवरून सासू, दोघी पोट धरून हसल्या.

"झालं आई, उतरा आता."

"अशी कशी उतरू? आधी घाटातलं एखादं वळण घेऊन दाखव."

सुनेनं सीटवरून डोकावून पाहिलं. वजनापुरत्या बसलेल्या सासूबाई पट्टा लावून, गॉगल चढवून केव्हाच तयार होत्या.