पाहुण्यांच्या बाजूला

मानेआबाच्या, म्हणजे गावच्या सभाघराच्या, खाली उतरत गेलेल्या छपराखालून तियाओती वाकून आत शिरला, आणि कोणी जागचं हललं नाही.

एरवी सगळा गाव उठायचा. पोरी फुलांचे मुकुट घेऊन धावायच्या, हातात शहाळं यायचं, म्हातारी माणसं गाणं धरायची. आज नुसतं "मौरी, मौरी" म्हणून चार माना हलल्या आणि गप्पा पुन्हा सुरू झाल्या. आधी मासेमारी खातं, मग अर्थखातं, मग कितीतरी वर्षं राष्ट्राध्यक्षांचा उजवा हात. परदेशी जहाजांच्या मालकांना ज्यानं घाम फोडला, तो माणूस आपल्याच गावच्या मानेआबात चोरासारखा उभा होता.

निवडणूक हरल्याचं त्याला तेवढं दुःख नव्हतं. हारजीत चालायचीच. पण बेटावरच्या बाकीच्या गावांनी त्याला तारलं होतं आणि बुडवलं ते त्याच्या स्वतःच्या गावानं. इथली मतपेटी उघडली तेव्हा राजधानीत, तारावातल्या त्याच्या घरी बसलेल्या मंडळींनी एकमेकांकडे बघायचंही टाळलं होतं. आपल्या माणसांना आपण नकोसे झालो का, एवढंच त्याला विचारायचं होतं. हो म्हणाले तर परवाच्या विमानानं परत जायचं आणि पुन्हा या बेटावर पाऊल टाकायचं नाही, असं तो ठरवूनच आला होता.

सवयीनं तो पाहुण्यांच्या बाजूला गेला आणि चटईवर मांडी घालून बसला. पहिल्यांदा निवडून आला तेव्हा राजधानीच्या साहेबांबरोबर तो इथेच बसला होता. केवढा मान वाटला होता तेव्हा! पुढे साहेब येईनासे झाले, तरी त्याची जागा काही बदलली नाही.

"तिथे कशाला बसलास रे?"

आत्याचा आवाज. नेई रोतियाचे दात केव्हाच गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. ती समोर, त्यांच्या घराण्याच्या खांबापाशी बसली होती. तिच्या शेजारी त्याचा धाकटा भाऊ ब्वेरे.

"मग कुठे बसू, आत्या? मला आता विचारतंय कोण?" आपला आवाज त्याला स्वतःलाच चिडका वाटला. "एकदा सांगूनच टाका. माझ्याविरुद्ध गावाचं मन कोणी फिरवलं?"

गप्पा थांबल्या. गावातले सर्वांत वयस्क तेकाआई पानात तंबाखू वळत होते, त्यांचाही हात थांबला.

"मी," आत्या म्हणाली. "घरोघर मीच फिरले. ब्वेरेच्या खांद्याला धरून. गुडघे कुठे चालतात माझे."

आई गेल्यावर याच बाईनं तियाओतीला लहानाचं मोठं केलं होतं.

"माझं चुकलं काय, आत्या?"

"उत्तरेची विहीर खारट झाली. ठाऊक आहे ना?"

"म्हणजे काय! मी अहवाल मागवला होता."

मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"अहवाल पितात का रे?" आत्या म्हणाली. "नवी विहीर आपल्या जमिनीत खणायची आहे. आपल्या घराण्यानं हो म्हटल्याशिवाय गाव कुदळ लावणार नाही. आणि घराण्याचा शब्द द्यायचा कोणी? थोरल्यानं, या खांबापाशी बसून. तू यायचास, तिकडे पाहुण्यांत बसायचास, भाषण ठोकायचास, जेवायचास आणि जायचास. पाहुण्याच्या शब्दावर कोणी जमीन खणतं का?"

"तेकाआईकाका दर सभेला विचारतात, दादा," ब्वेरे म्हणाला. "तू थोरला असताना मी कसा बोलू? खाली बघत बसतो. बायका पार दक्षिणेकडून पाणी वाहून आणतात."

"मग मला सांगायचंत तरी!"

"मंत्र्याला सांगायचं, की बाबा, तू चुकीच्या जागी बसलायस?" आत्यानं हात झटकला. "पाहुण्याला उठवतात होय आपल्यात? म्हटलं, मंत्रिपद गेलं तर तो पाहुणा तरी राहणार नाही."

तियाओतीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. विमानात बसल्यापासून छातीवर जो धोंडा होता, तो कुठल्या कुठे गेला. नकोसा नव्हता तो. हवा होता, म्हणून पाडला होता.

तो उठला. मानेआबात लोकांसमोरून ताठ चालायची रीत नाही, म्हणून वाकून, कडेकडेनं समोर गेला. ब्वेरेनं असा काही सुस्कारा सोडला आणि मागे सरकून जागा केली, की बायका, तोंडाला लावायला पदर नसल्यामुळे, हातच लावून हसल्या. खांबापाशीची चटई भावाच्या अंगानं अजून ऊबदार होती.

तेकाआई खाकरले आणि जणू आजच पहिल्यांदा विचारतोय अशा थाटात म्हणाले, "विहिरीबद्दल या घराण्याचं म्हणणं काय?"

इतक्या वर्षांची सवय. तियाओतीच्या घशाशी चांगलं लांबलचक भाषण आलं. ते त्यानं गिळलं.

"खणा," तो म्हणाला.

सगळा गाव उठला, कुदळी आणायला.

"आलास बाई एकदाचा निवडून," आत्या म्हणाली.