छपराचं गवत

लेचवे हरणं पुन्हा वारुळाजवळ चरायला आलेली पाहून काबासोचा आनंद गगनात मावेना. "आई, बघ! मटण चालत दाराशी आलंय!"

बांग्वेउलूच्या दलदलीत घर बांधायचं तर मोठ्या वारुळावर. बाकी सगळं पाणी आणि गवत. म्हातारीनं विणायला घेतलेली माशांची टोपली बाजूला ठेवली.

"पाणी ओसरलं तशी त्याच्यामागं गेली होती ना ही? काठचं कोवळं गवत सोडून इथलं वाळकं का चघळतायत?"

"चव बदलायला."

"चव बदलायला माणसं सासुरवाडीला जातात, मेल्या. कोवळं गवत बुडालं असणार. पाणी परत फिरलंय. चोलाला थांबव, होडी जाऊ देऊ नकोस."

काबासोचा धाकटा भाऊ चोला मीठ आणायला गावाकडं निघाला होता, घरातली एकुलती एक होडी घेऊन. तो थबकला. दारात काबासोची दिवस भरलेली बायको म्वाबा कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"या दिवसांत कधी पाणी चढलेलं पाहिलंयस?" काबासोनं आईला विचारलं.

"नाही. म्हणून तर भीती वाटते."

"मीठ नाही आलं तर मासे किडतील. मग काय तुझी भीती वाळवून खाऊ?"

चोला खो खो हसला आणि त्यानं होडी ढकलली. म्वाबा मात्र हसली नाही.

काबासो भाला घेऊन झोपडीच्या मागं गेला. एक हरिणी लोंबलेल्या छपराचं गवत दातांनी उपसत होती. माणूस पाहूनही ती हलली नाही. त्यानं भाला उगारला, आणि तिच्या पायांकडं त्याचं लक्ष गेलं. गुडघ्यापर्यंत ओले होते, पाणी निथळत होतं.

त्यानं खाली पाहिलं. सकाळी मासेमारीच्या बांधावर बसून त्यानं न्याहारी केली होती. आता बांध दिसतच नव्हता.

त्यानं भाला खाली टाकला. धावत पुढच्या अंगाला येऊन तो दोन्ही हात उंच करून ओरडू लागला, "चोला! अरे, माघारी फिर! चोला!"

लांबवर चोलानं वळून पाहिलं. त्यानंही हसत दोन्ही हात हलवून निरोप घेतला आणि होडी लव्हाळ्यांच्या आड नेली.

म्वाबाला कळ आली; दाराची चौकट धरून ती हळूच खाली बसली. झोपडीमागून गवत उपसल्याचा आवाज येतच राहिला.