कर्टची झोप

फोन थरथरला तशी डार्लानं तो ओल्या फडक्यात गुंडाळला आणि मागच्या दारानं अंगणात आली. दाराचा आवाज होऊ नये म्हणून फटीत अंगठा धरून ते हळूच ओढून घेतलं. दुपारचे साडेबारा वाजले होते. आत कर्ट झोपला होता.

"उठव त्याला," पलीकडून नणंद म्हणाली. "डॅडचा श्वास बदललाय. नर्स म्हणते, संध्याकाळचंसुद्धा सांगता येत नाही."

"जॅनेल, त्याला पडून जेमतेम सव्वा तास झालाय. त्याआधी बावीस तास जागा होता."

"मग?"

कर्ट रात्रभर मालगाडी चालवून साडेदहाला घरी आला होता. दोन अंडी खाल्ली आणि अकरा दहाला त्यानं खोलीचं दार लावलं. खिडक्यांना उजेड अडवायला चंदेरी कागद, पंखा फुल, कुत्रा शेजाऱ्यांकडे ठेवलेला. दाराच्या घंटीची वायर डार्लानं स्वतः कापली होती. रेल्वे यार्डातून पुढचं बोलावणं रात्री नऊला येईल, नाहीतर दहाला. आलं की दीड तासात इंजिनावर हजर व्हायचं. मधे मिळेल तेवढी झोप.

"याच महिन्यात नर्स दोनदा हेच म्हणाली," डार्ला म्हणाली. "दोन्ही वेळा तो रजा टाकून धावत आला. आणि डॅड उठून बसून पुडिंग खात होते. आता तिसऱ्यांदा रजा टाकली तर चौकशी लागेल. नाही टाकली तर आज रात्री हा असाच, डोळे ताणत, शंभर डबे ओढत जाईल. फेब्रुवारीत घरी येताना याचा डोळा लागला आणि ट्रक खड्ड्यात गेला. विसरलीस तू?"

"तुला फक्त नवऱ्याची झोप दिसते. इथं माझा बाप चाललाय."

"असं बोलू नकोस."

"मग कसं बोलू? तूच सांग डॅडना. घे, बोल त्यांच्याशी."

खरखर झाली. मग सासऱ्याचा, एमिलचा आवाज आला, खोल विहिरीतून आल्यासारखा.

"डार्ला? पोरगा कुठंय?"

खोटं सांगता आलं असतं. "झोपलाय, डॅड."

एमिलनं स्वतः अडतीस वर्षं इंजिन चालवलं होतं.

"किती वाजता पडला?"

"अकरा दहा."

"मग उठवू नकोस. चारपर्यंत... चारपर्यंत तरी झोपू दे."

"डॅड!" मागून जॅनेल ओरडली. पुढे नुसता खोकला, आणि फोन बंद झाला.

डार्ला अंगणात उभी राहिली. ऊन डोक्यावर होतं. खुद्द म्हाताऱ्यानंच सांगितलं, आता तिला कुणी बोल लावणार नव्हतं. भांडी घासायची राहिली होती. तिनं आत जाऊन एक ताटली उचलली, परत ठेवली. चारपर्यंत तरी, असं तो म्हणाला होता. पाचपर्यंत नाही, संध्याकाळपर्यंत नाही. आपण किती वाजेपर्यंत तग धरू शकू, याचा हिशेब करून त्यानं आकडा सांगितला असणार. आणि तो हिशेब चुकला तर?

खोलीच्या दाराशी ती थांबली. आत कर्ट घोरत होता. तिनं दाराची मूठ फिरवली.

उजेड तोंडावर पडायच्या आत कर्ट उठून बसला होता. पाय बूट चाचपत होते.

"कुठली गाडी?"

"गाडी नाही. डॅड."

तो थांबला. "खरंच, या वेळी?"

"माहीत नाही. नर्स म्हणते ते मागच्यासारखंच."

त्यानं तोंडावरून दोन्ही हात फिरवले. "मी झोपलोय हे त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. उठवू नको म्हणाले."

"आणि तरी उठवलंस?"

"हो. शिव्या गाडीत दे. मी चालवते."

तो शिव्या देईल असं तिला वाटलं होतं. पण चाळीस मैलांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. "डोळे मीट," असं ती दोनदा म्हणाली. त्यानं मिटले नाहीत. अर्ध्या रस्त्यात त्यानं यार्डात फोन लावला.

"माझं नाव काढा आजच्या यादीतून. हो, वडिलांसाठीच. हो, तिसऱ्यांदा. माहीत आहे मला. लिहा की, तुम्हाला काय लिहायचंय ते लिहा."

त्यानं फोन ठेवला. डार्लानं वेग वाढवला.

दोघं एमिलच्या खोलीत शिरली तेव्हा जॅनेलनं डार्लाकडे बघितलं नाही. एमिल उठून बसला नव्हता. पुडिंगची वाटी तशीच, झाकण न काढलेली. पण त्याचे डोळे उघडे होते आणि दाराकडे लागलेले होते.

कर्टनं टोपी काढली. गालावर अजून उशीचा वळ होता, डोळे लालभडक.

"आलास?" एमिल म्हणाला.

"आलो."

"झोप झाली?"

कर्टनं खुर्ची ओढली. "झाली, डॅड. अगदी पोटभर. सात तास."

एमिलनं त्याच्याकडे बघितलं. मग नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. दोनला पाच कमी होते. तिथं ती थोडी रेंगाळली.

"छान," तो म्हणाला.

आणि सगळा जोर लावून तो भिंतीकडे सरकला, चादर बाजूला केली, आणि पलंगाच्या कडेला एका माणसापुरती जागा करून दिली.