पहिला घाणा

मालनने गॅसवर कढई ठेवली, तशा थोरल्या जाऊबाई दारातच थबकल्या.

"भाऊजींना जाऊन चार महिने झालेत, आणि दिवाळीचं तळण काढलंस? वर्षाच्या आत दुःखाच्या घरात कढई चढत नाही. लोक नावं ठेवतील!"

रिवाजाप्रमाणे शेजाऱ्यांनी फराळाचे डबे आणून दिले होते. मालनने त्यांतली एक चकली दोन्ही हातांनी वाकवली. ती मोडलीच नाही, नुसती दुमडली.

"तीस वर्षं ह्यांनी माझ्या चकलीला नावं ठेवली. मऊ पडली म्हणायचे, आवाज येत नाही म्हणायचे. आता त्यांच्या फोटोपुढं हे असलं ठेवू?"

"निदान खिडकी तरी लाव. वास गल्लीभर जाईल."

मालनने दुसरीही खिडकी सताड उघडली, सोऱ्यात पीठ भरलं आणि दातओठ खात चकल्या पाडायला बसली.

पहिला घाणा गार झाला. त्यातली एक चकली तिनं हार घातलेल्या फोटोच्या कानाशी नेली आणि मोडली. कडकन् आवाज झाला. जाऊबाईसुद्धा दचकल्या.

"ठेवा आता नावं!" असं म्हणून ती कमरेवर हात ठेवून फोटोसमोर उभी राहिली. उत्तर घेतल्याशिवाय ती हलणार नव्हती.