आवक विभागातला डिंक

विधानभवनातल्या आवक-खिडकीवर बेलीफ अध्यक्षांच्या नावाची न्यायालयाची नोटीस पुढे करून उभा होता. मेश्रामबाईंच्या हातातला शिक्का हवेतच राहिला.

“ही घ्यायची नाही असा सभागृहाचा ठराव झालाय, भाऊ. घेतली तर माझ्यावर हक्कभंग येईल.”

“आणि नाकारली तर न्यायालयाचा अवमान,” बेलीफ म्हणाला. “नाव सांगा, अहवालात लिहितो.”

निवृत्तीला तीन महिने उरले होते. बत्तीस वर्षं आलेल्या प्रत्येक कागदावर बाईंनी शिक्का मारला होता. आज कुणाचं ऐकलं तर पेन्शन वाचेल, हेच कळेना.

बेलीफही घुटमळला. “मग दारावर चिकटवतो, मॅडम. तशी मुभा आहे. पण डिंक विसरलो.”

बाईंनी ठरावाची प्रत पुन्हा वाचली. नोटीस घ्यायची नाही, एवढंच त्यात होतं. डिंकाबद्दल अवाक्षर नव्हतं.

“झाकण नीट लावून परत द्या,” बाटली खिडकीतून सरकवत त्या म्हणाल्या. “सरकारी आहे.”